तीस फेऱ्यांचं यंत्र

गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकराला धाकट्या भावाचा कुवेतहून फोन आला. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज मोकळा वाटत होता. "आपा, इलाज मिळाला. गोळ्या नाहीत, इंजेक्शन नाही, शॉक नाही. डोक्याला नुसतं मॅग्नेट लावतात. तीस दिवसांत माणूस बरा." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. दातांच्या दवाखान्यात असते तशी खुर्ची, त्यात बसलेली बाई, तिच्या कपाळाच्या डाव्या बाजूला टेकवलेलं आठच्या आकड्यासारखं काहीतरी, आणि शेवटी तीच बाई बागेत हसताना.

त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, रोह्याला आमच्या जुन्या घरात दोन मुलांबरोबर राहते. मी पेणला शिकवते, आणि आठवड्याला एक चक्कर मारते. गेल्या पावसाळ्यापासून ती बसल्या जागेवरून उठत नाही. कुकरच्या शिट्या मोजायला बसते आणि भात करपतो. नमाजला उभी राहते आणि आपण कितव्या रकातीत आहोत ते विसरते, मग मुसल्यावर बसून रडते. तिला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. हे सगळं तिला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "लिहा आपा, फक्त नाव नको."

भावाने चौकशीही करून ठेवली होती. नवी मुंबईत एक केंद्र, एका बैठकीचे दोन हजार रुपये, तीस बैठका. साठ हजार, वर तपासण्या, वर येणं-जाणं. "पैशाचं टेन्शन घेऊ नकोस, नाहीतर तिच्या बांगड्या आहेतच," तो म्हणाला.

मी डॉक्टर नाही, बी.एड. केलेली भाषेची शिक्षिका आहे. पण घरात जी शिकलेली असते तिच्याकडेच सगळे कागद येतात, हे आपल्याकडच्या प्रत्येक थोरल्या बहिणीला माहीत आहे. तीन आठवडे वाचलं, दोन मानसोपचारतज्ज्ञांना भेटून विचारलं. माझं मत आधीच सांगून टाकते. हे यंत्र खोटं नाही. पण आमच्या घरात ते चुकीच्या क्रमाने आलं. बऱ्याच घरांत असंच येत असेल, असा माझा अंदाज आहे.

यंत्राचं नाव ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, थोडक्यात टीएमएस. शाळेत फॅरेडेचा प्रयोग शिकवतात ना, बदलत्या चुंबकक्षेत्राजवळ तार धरली की तारेत वीज वाहते, तेच तत्त्व. इथे तारेच्या जागी मेंदू आहे. १९८५ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी कवटी न उघडता, भूल न देता मेंदू असा बाहेरून चेतवून दाखवला. नैराश्यात मेंदूचा पुढचा डावा भाग मंदावलेला असतो असं मानतात, म्हणून तिथे ठोके देतात. हे चुंबक फ्रीजवर चिकटवायचं नव्हे. त्याचं क्षेत्र एमआरआयच्या तोडीचं असतं, फक्त दोन-तीन सेंटिमीटरच्या टापूत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००८ मध्ये त्याला परवानगी दिली, आणि तीही औषधाने गुण न आलेल्या रुग्णांसाठी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तोट्यांचं म्हणाल तर डोक्यातले तोटे त्या मानाने थोडे आहेत. ठोके बसतात तिथे दुखतं, चेहऱ्याचे स्नायू फडफडतात, डोकेदुखी होते. बहुतेकांचं हे पहिल्या आठवड्यानंतर कमी होतं. यंत्र टकटक असा मोठा आवाज करतं, म्हणून कानात बोळे घालावे लागतात. फिट येण्याचा धोका हजारात एकापेक्षाही कमी रुग्णांना. ज्यांना मूळ आजार दोन टोकांचा आहे, म्हणजे कधी उदासी तर कधी अतिउत्साह, त्यांना हा उपचार अतिउत्साहाच्या टोकाला नेऊ शकतो. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात बसवलेलं श्रवणयंत्र असेल तर यंत्राच्या जवळही जायचं नाही. उलट गोळ्यांनी होणारी मळमळ, वाढणारं वजन, पतीपत्नीच्या संबंधात येणारा गारठा यातलं काही इथे होत नाही. शॉकनंतर काहींना होतो तसा विसरही पडत नाही. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

दोन गोष्टी मात्र त्या चकचकीत माहितीपत्रकात नव्हत्या, कारण ते आपल्यासाठी लिहिलेलं नव्हतं. एक म्हणजे झोप. झोप अपुरी असली की फिट येण्याचा धोका वाढतो. आता रमजान दीड महिन्यावर आहे. रात्री तरावीह, पहाटे सेहरी, मध्ये तीन-चार तासांची तुटक झोप, आणि त्याच दिवसांत रोज मेंदूला ठोके. हे डॉक्टरांना आपण होऊन सांगायला हवं, त्यांना ते सुचेलच असं नाही. दुसरी गोष्ट डोक्यावरच्या ओढणीची. यंत्र केसांवर थेट टेकवावं लागतं. ओढणी, पिना, कानातलं सगळं काढून बसायचं, आणि रोज जागा मोजून लावणारा तंत्रज्ञ बहुधा पुरुष. इलाजासाठी यात काही अडचण नाही, हे मला माहीत आहे आणि तिलाही. पण लाजणाऱ्या, खचलेल्या बाईला तीस वेळा या प्रसंगातून जायचं असेल तर आधी विचारावं, बाई तंत्रज्ञ मिळेल का, खोलीचं दार लावता येईल का.

आता गुण किती येतो ते पाहू. भावाने पाठवलेल्या व्हिडिओत '७९ टक्के रुग्ण बरे' असं झळकत होतं. तो आकडा खरा आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एक वेगळी पद्धत वापरली, दिवसाला दहा बैठका, असे पाच दिवस, आणि प्रत्येकाच्या मेंदूचं एमआरआय काढून नेमकी जागा ठरवलेली. त्या प्रयोगात खरा उपचार मिळालेली माणसं होती चौदा. त्यातली अकरा चार आठवड्यांत कधी ना कधी लक्षणमुक्त झाली. ७९ टक्के म्हणजे हे. चौदा म्हणजे माझ्या वर्गातले पहिले दोन बाक आणि थोडे. शिवाय नवी मुंबईत आम्हाला मिळणार होती ती ही पद्धत नव्हेच.

मोठे प्रयोग वेगळं सांगतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्याच पैशातून झालेल्या ३०१ रुग्णांच्या प्रयोगात ठरवलेली मुख्य कसोटी अगदी थोडक्यात हुकली, म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर पस्तीसच्या जागी चौतीस मार्क. परवानगी मिळाली ती त्यातल्याच एका गटाकडे बोट दाखवून, ज्यांना फक्त एका औषधाचा गुण आला नव्हता. २०१० मध्ये सरकारी खर्चाने झालेल्या १९० रुग्णांच्या प्रयोगात खऱ्या यंत्राने १४ टक्के लक्षणमुक्त झाले, नकली यंत्राने ५ टक्के. फरक आहे, खरा आहे, पण बागेत हसणाऱ्या बाईएवढा नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो २०१८ चा प्रयोग. अमेरिकेच्या १६४ माजी सैनिकांवर, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी. खऱ्या यंत्राखाली बसलेल्यांपैकी ४१ टक्के लक्षणमुक्त झाले, आणि नकली यंत्राखाली बसलेल्यांपैकी ३७. म्हणजे यंत्र निकामी आहे असं कुणी म्हणेल. माझी नजर त्या ३७ वर अडकली. या माणसांच्या मेंदूत काहीच गेलं नव्हतं. पण ती रोज सकाळी उठली, आंघोळ केली, घराबाहेर पडली, ठरल्या वेळी कुठेतरी पोचली, तिथे कुणीतरी नावाने हाक मारून विचारलं, काल झोप लागली का. कित्येक आठवडे. यातलं नेमकं काय लागू पडलं ते मी ठरवू शकत नाही, पण रोह्याच्या त्या घरात गेल्या पावसाळ्यापासून यातलं एकही घडलेलं नव्हतं, एवढं मला माहीत होतं.

तरी आम्ही केंद्रात जाऊन आलो. भावाचा आग्रह होता आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, होऊन जाऊ दे. सकाळी सहाला घर सोडलं. रोह्याहून पनवेल गाडीने दोन तास, पुढे लोकल, पुढे रिक्षा. ती खिडकीला डोकं टेकून बसली, नागोठणं गेलं, पेण गेलं, एक शब्द बोलली नाही. परत घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. तिथे खुर्चीत बसवून यंत्र दाखवलं ती दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठलीच नाही.

आता ही फेरी तीसने गुणा. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. नवीन पद्धतीत बैठक तीन मिनिटांचीच असते, आणि २०१८ मध्ये कॅनडात ४१४ रुग्णांवर पाहिलं तेव्हा ती जुन्या साडेसदतीस मिनिटांच्या बैठकीइतकीच उपयोगी ठरली. टोरांटोच्या माणसाला हा मोठा दिलासा आहे. रोह्याच्या बाईला तीन मिनिटांसाठीही दिवसच घालवावा लागतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं हे चांगलंच, पण मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय त्यावर रोज जा-ये करून पाहा म्हणजे तिकीट हा प्रश्नच नाही हे कळेल. धाकट्याला शाळेतून कोण आणणार? तिच्याबरोबर रोज कोण जाणार? माझ्या सगळ्या सीएल दोन-अडीच आठवड्यांत संपतात. पनवेलला खोली घ्या म्हणाले कुणी. मग मुलांच्या शाळेचं काय?

ज्या आजाराचं मुख्य लक्षणच उठवत नाही, निघवत नाही हे आहे, त्याचा इलाज तीस वेळा उठून निघण्यावर बेतलेला आहे. शहरात क्लिनिकपासून दोन स्टेशनांवर राहणाऱ्याला हे जाणवणारही नाही. केंद्राच्या कागदावर दुष्परिणामांचा रकाना होता, त्यात डोकेदुखी होती, प्रवास नव्हता. आणि अर्ध्यात सोडलं तर? बारा बैठकांनंतर सोडलं तर चोवीस हजार गेले, आणि तिच्या मनात बसणार की मी मशीनलाही पुरी पडले नाही.

विम्याचं विचाराल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावर पैसे देतात, आणि हा उपचार भरती न होता घ्यायचा. केंद्र सरकारच्या आयुष्मान योजनेच्या पॅकेजांत टीएमएसचं नाव आहे. यादीत नाव असणं वेगळं आणि रायगडात खुर्ची असणं वेगळं.

केंद्रातली एक गोष्ट सांगायची राहिली. तिथल्या मुलीने फॉर्म भरताना विचारलं, "किती औषधं झाली?" मी म्हटलं, "दोन." तिने २ लिहिलं. म्हणजे आमची केस 'औषधांनी गुण न आलेली' झाली, दोन सेकंदांत. किती दिवस घेतली, किती मात्रेत घेतली, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. परतीच्या गाडीत मी हिशोब केला. पहिली गोळी अठरा दिवस. मळमळलं म्हणून बंद. दुसरी अकरा दिवस. शेजारच्या खालाने विचारलं, "ही वेड्याची गोळी का गं?" म्हणून बंद. या गोळ्यांना पूर्ण मात्रेत चार ते सहा आठवडे द्यावे लागतात, तेव्हा कळतं लागू पडली की नाही. आमची दोन औषधं हरलेली नव्हतीच, आम्ही त्यांना मैदानात उतरूच दिलं नव्हतं. हा दोष केंद्राचा जेवढा, त्याहून माझा.

आणि आपल्याला यंत्र इतकं का आवडतं याचं उत्तरही इथेच आहे. गोळी घरात राहते, डबीत दिसते, पाहुण्यांना दिसते. यंत्र दूर असतं, आधुनिक असतं, फिजिओथेरपीला जातोय म्हटलं तरी चालतं. भावाच्या पहिल्या वाक्यातच 'गोळ्या नाहीत' होतं, गुणाची गोष्ट नंतर होती.

यात थोडा दोष आम्हा भाषा शिकवणाऱ्यांचाही आहे. मराठीत या आजाराला नैराश्य म्हणतात, उर्दूत लोक सरळ मायूसी म्हणतात. आणि मायूसी कुफ्र आहे हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. झालं, आजाराचं नाव घेतलं की बाईच्या ईमानवरच प्रश्न. भावजयीला मोहल्ल्यातल्या दोघीतिघींनी हेच ऐकवलं. उर्दूत अफ़सुर्दगी हा शब्द आहे, पण तो पुस्तकातच राहिला. नवव्या-दहाव्या शतकातले अबू झैद अल-बल्खी यांनी आपल्या ग्रंथात दोन दुःखं वेगळी केली होती, एक ज्याचं कारण माणसाला ठाऊक असतं ते, आणि दुसरं कारण सापडत नाही, शरीरातून येतं ते. दुसऱ्याला त्यांनी शरीराचाही इलाज सांगितला. हजार वर्षांपूर्वी हे लिहून ठेवणाऱ्यांचे आपण वारस, आणि गोळी पिठाच्या डब्यात लपवतो.

मग काय करायचं? आपल्याच कोकणपट्टीच्या खालच्या टोकाला, गोव्यात, 'संगत' नावाच्या संस्थेने केलेलं काम पाहा. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याचे ४९५ रुग्ण, आजार मध्यम ते तीव्र. अर्ध्यांना नेहमीचा उपचार, अर्ध्यांना त्याबरोबर सहा ते आठ बैठका. बैठका घेणारे डॉक्टर नव्हते, स्थानिक, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. काय करायचे? आज एक छोटं काम ठरवू, उद्या केलं का विचारू, नाही झालं तर आणखी छोटं ठरवू. २०१६ च्या अखेरीस निकाल आले. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लक्षणमुक्त, इतरांपैकी ३९. त्यात ना खुर्ची, ना चुंबक. या आकड्यांची यंत्राच्या आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही, रुग्ण वेगळे, पद्धत वेगळी. पण पहिली फेरी कुठे मारायची एवढं त्यावरून मला ठरवता आलं.

भावाने फोनवर चिडून विचारलं, "म्हणजे पैसा आहे तरी तिला चांगला इलाज द्यायचा नाही?" त्याचा राग मला कळतो. दूर राहणाऱ्याला पैसे पाठवण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. त्याला म्हटलं, दोन औषधं पुऱ्या मात्रेत, पुरे दिवस घेऊनही फरक पडला नाही, किंवा ती सहनच होईनात, तर मी स्वतः तिला त्या खुर्चीत बसवीन. कितीतरी लोकांना त्या यंत्राने उभं केलंय, त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. आणि देव न करो, ती जेवणपाणी सोडेल किंवा जिवावर उठायचं बोलेल, तर यंत्राची वाट बघायचीच नाही, त्याला गुण यायला आठवडे लागतात. तेव्हा थेट रुग्णालय, आणि डॉक्टर शॉक म्हणाले तर शॉक. सिनेमात दाखवतात तसा तो आता राहिलेला नाही, भूल न देता शॉक द्यायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. ज्यांना कुणाशी बोलावं सुचत नाही त्यांच्यासाठी सरकारचा टेलि-मानस क्रमांक १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

सध्या असं चाललंय. अलिबागच्या सरकारी रुग्णालयात दाखवलं, एसटीने. गोळी सुरू झाली, सोमवारी चौथा आठवडा लागेल. मळमळीसाठी जेवल्यावर घ्यायला सांगितली, ते पहिल्या वेळी कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा आम्ही ऐकलं नव्हतं. डबी आता फडताळात समोर असते. रोज संध्याकाळी साडेपाचला मी फोन करते आणि उद्याचं एक काम ठरवतो. पहिल्या आठवड्यात काम होतं दार उघडून ओट्यावर पाच मिनिटं बसणं. सातपैकी तीन दिवस झालं. आता कुंडलिकेच्या पुलापर्यंत चालणं आहे, मोठा मुलगा बरोबर जातो. फरक आहे का म्हणाल तर थोडा. रात्री झोपते, भात अजून करपतो. रमजानमध्ये गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून आणायचंय.

भावाला मी कॅलेंडरवरची तारीख पाठवली आहे. या गोळीचे सहा आठवडे कधी पुरे होतात ती. नाही जमलं तर दुसऱ्या औषधाचे दिवस, आणि तेही नाही तर ईदनंतर नवी मुंबई, पण तेव्हा तू सहा आठवड्यांची सुट्टी काढून ये, तिच्याबरोबर गाडीत तू बसायचंस. तोपर्यंत बांगड्या कपाटात. त्याने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.